खूणगाठ आणि याद : मराठी दफ्तरातील कामांच्या याद्यांविषयी

काम विसरू नये म्हणून माणसाने योजलेल्या उपायांपैकी दोन उपाय मराठी भाषेने शब्दरूपाने जपून ठेवले आहेत. एक खूणगाठ आणि दुसरी याद. पदराच्या किंवा उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवावी, ती हाताला लागली की काहीतरी करावयाचे राहिले आहे याचे स्मरण व्हावे, आणि काम उरकले की ती सोडून टाकावी, ही खूणगाठीची रीत. गाठीला स्मरण करून देता येते; कशाचे, हे मात्र तिला सांगता येत नाही. ती सुटल्यावर पदरावर चुणीखेरीज काही उरत नाही, आणि ती चुणीही पहिल्या धुण्यात जाते. याद ही वस्तू निराळी आहे. ती कागदावर असते, काय करावयाचे ते कलमवार सांगते, आणि काम झाल्यावरही जागची हलत नाही. कामांच्या याद्या कागदी वहीत ठेवाव्यात की भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये, असा वाद अलीकडे पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो बहुधा सोयीच्या अंगाने लढविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच वादाची दुसरी बाजू दिसावयास हवी, आणि ती पाहण्यासाठी मराठी दफ्तरासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

'याद' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ स्मरण असाच आहे. मोगल दरबारात 'याददाश्त' नावाचा एक विशिष्ट कागद असे. त्याची रीत अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त सांगितली आहे. एकूण चौदा वाकेनवीस नेमलेले असत. त्यांपैकी दोघे पाळीने रोज हजर राहून बादशहाच्या आज्ञा व दरबारातील घडामोडी टिपून घेत. ती रोजनिशी तपासून बादशहापुढे ठेवली जाई, आणि तिला मंजुरी मिळाल्यावर तीतील नोंदींच्या प्रती काढून त्यांवर संबंधित अधिकाऱ्यांच्या सह्या होत. अशा प्रतीला याददाश्त म्हणत. म्हणजे मोगली याददाश्त ही आज्ञा होऊन गेल्यानंतरची नोंद होती. मराठी दफ्तरात आढळणारी याद पुष्कळदा एक पायरी अलीकडची असते. आज्ञा अद्याप व्हावयाची असते, आणि काय काय व्हावे ते यादेत मांडलेले असते. या दोहोंमध्ये सरळ वंशसंबंध जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण शब्द एक म्हणून संस्था एक, असे होत नाही. शिवाय मराठीत 'याद' या नावाखाली जिन्नस, माणसे, देणीघेणी अशा कशाचीही गणती येऊ शकते. येथे विचार करावयाचा आहे तो तिच्या एकाच प्रकाराचा, म्हणजे करावयाच्या कामांच्या कलमवार यादेचा.

या कागदाचे बाह्यरूप अगदी साधे. पत्राला मायना लागतो. लिहिणाऱ्याचा व ज्याला लिहावयाचे त्याचा दर्जा पाहून तो ठरतो, आणि मायन्यात चूक झाली तर मानापमानाचा प्रसंग ओढवतो. यादेला मायन्याची गरज नाही. 'याद' किंवा 'यादी' हा शब्द, विषय, शुहूर सन, की लगेच कलमे सुरू. प्रत्येक कलमाची गणती केलेली आणि शेवटी एकूण कलमे किती त्याचा आकडा. हा आकडा केवळ हिशेबी सवयीने येत नाही. मागाहून कोणी एखादे कलम घुसडले किंवा गाळले तर ते त्या आकड्यावरून उघड व्हावे, ही त्यातील सावधगिरी. कलमाखाली अथवा बाजूस जागा सोडलेली असते आणि त्या जागेत निर्णय येतो : 'येणेप्रमाणे करार', 'द्यावे', 'चौकशी करावी', अशा दोन-चार शब्दांचा. मोहिमेवर निघालेला सरदार पैका, दारूगोळा, सरंजामाची थकलेली बाब, एखाद्या नातलगाचे वतन, अशा पाच-पन्नास गोष्टी एका यादेत मांडून हुजुरात देई. तिच्यावर कलमागणिक निर्णय होई. आणि मग त्या निर्णयानुसार निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी पत्रे व सनदा निघत. पत्र निघाल्याची नोंदही कधी त्याच कलमापाशी केलेली सापडते.

अशा रीतीने एकाच कागदावर तीन काळ एकत्र येतात. काय हवे होते, काय ठरले आणि काय झाले. सनदेत फक्त मधला काळ असतो. जमाखर्चात फक्त शेवटचा. पहिला काळ, म्हणजे माणसांच्या मनात काय होते आणि त्यांपैकी कितीसे पदरात पडले, हे यादेखेरीज दुसऱ्या कागदावर इतक्या नेमकेपणाने क्वचितच उतरते.

तथापि यादेची ही साक्ष घेण्यासाठी मूळ कागद पाहावा लागतो. मोडी लेखनात कारकुनाचे अक्षर व निर्णय देणाऱ्याचे अक्षर ही पुष्कळदा वेगळी असतात. दस्तुरखुद्द लिहिलेली ओळ जाणत्याला लांबून ओळखू येते. बोरूची टाक बदललेली असते, शाईचा काळेपणा कमीजास्त असतो, एखादे कलम मागाहून दोन ओळींच्या सांदीत कोंबलेले असते. खर्ड्यांमध्ये खोडलेल्या शब्दांवर नुसती रेघ मारलेली असल्यामुळे खालचा शब्द वाचता येतो. पोथी लिहिणाऱ्यांची रीत याहून निराळी होती. पोथीत चूक झाली की तीवर हरताळ लावून अक्षर झाकून टाकीत आणि त्यावर नवे अक्षर काढीत. एखाद्या गोष्टीवर 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. पोथीला निर्दोष पाठ हवा असतो, म्हणून तिला चूक नाहीशी करावी लागते. दफ्तराच्या खर्ड्याला ती चैन परवडत नाही, आणि त्याचा फायदा इतिहासाला होतो. परंतु हेच कागद देवनागरीत छापले गेले म्हणजे मागणी व निर्णय, पहिला विचार व दुसरा विचार, ही सर्व एकाच टंकात एकाखाली एक बसतात. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले व १९०२ ते १९११ या काळात प्रसिद्ध झालेले रोजनिशीतील उतारे, किंवा गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार वर्षांत सिद्ध केलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड, यांचे ऋण न फिटणारे आहे. पण छापील खंडावर विसंबून मोडी न शिकणारा विद्यार्थी यादेतील निम्मी साक्ष दाराबाहेर ठेवून आत येतो, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

यादेतील पुऱ्या न झालेल्या कलमाला किती महत्त्व असू शकते, याचे एक ठळक उदाहरण मराठ्यांच्या राजकीय इतिहासात आहे. इ. स. १७१८ मध्ये दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली याच्याशी शंकराजी मल्हार याच्या मध्यस्थीने शाहू छत्रपतींच्या वतीने बोलणी झाली, तेव्हा मागण्या कलमवार ठरल्या होत्या. शिवछत्रपतींच्या वेळचे स्वराज्य शाहूकडे यावे. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखी यांचा हक्क मान्य व्हावा. मातोश्री येसूबाई व इतर कुटुंबीय यांची सुटका व्हावी. ही त्यांतील मुख्य कलमे. बदल्यात मराठ्यांनी पंधरा हजार स्वारांनिशी चाकरी करावी व दहा लक्षांची पेशकश द्यावी, असे होते. फर्रुखसियर बादशहाने हा करार मान्य केला नाही. हुसेन अली दिल्लीकडे निघाला, त्याच्याबरोबर बाळाजी विश्वनाथ मराठी फौज घेऊन गेला. फेब्रुवारी १७१९ च्या अखेरीस फर्रुखसियर पदच्युत झाला, मार्चमध्ये चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा हाती आल्या, आणि येसूबाईंसह बाळाजी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यानंतर साताऱ्यास पोचला. पाठ्यपुस्तकांत ही हकीकत येथे संपते, कारण पाठ्यपुस्तके सनदांवरून लिहिली जातात.

परंतु ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदविल्याप्रमाणे बाळाजी निघताना शाहूने त्याला आणखीही काही सांगितले होते. दौलताबाद व चांदा हे किल्ले मिळविण्याचा यत्न करावा, आणि गुजरात व माळवा या प्रांतांतून मराठे वसूल करीत आलेल्या खंडणीला मान्यता मिळवावी. ही कलमे १७१९ मध्ये साधली नाहीत. सनदांकडे पाहणाऱ्याला ती दिसतच नाहीत. कामांच्या यादेकडे पाहणाऱ्याला ती कलमाखालची कोरी जागा होऊन डोळ्यांत भरतात. पुढे १७२८ मध्ये अमझेऱ्याची लढाई झाली, १७३८ मध्ये भोपाळजवळ निजामाने माळव्याबद्दल शब्द दिला, आणि १७४१ मध्ये बाळाजी बाजीराव याच्या नावे माळव्याच्या नायब सुभेदारीचे बादशाही फर्मान निघाले. म्हणजे १७१९ मध्ये राहिलेले माळव्याचे कलम तिसऱ्या पेशव्याच्या कारकीर्दीत, बावीस वर्षांनी, पुरे झाले. एका तोंडी आज्ञेतून माळव्याची सारी मोहीम निघाली असे म्हणणे बालिशपणाचे होईल. मध्यंतरी दिल्लीची सत्ता ढासळली, निजाम स्वतंत्र झाला, शिंदे-होळकर-पवार उदयास आले. पण उत्तरेकडील विस्ताराची सर्व कल्पना पहिल्या बाजीरावाच्या महत्त्वाकांक्षेतून उपजली, असा जो एक रूढ समज आहे, त्याला या राहिलेल्या कलमाने पुरेसा धक्का बसतो. ते कलम मांडले गेले तेव्हा बाजीराव अठरा वर्षांचा होता.

दैनंदिन कारभारात यादेचे पुढे काय होई, हे समजण्यासाठी हुजूर दफ्तराकडे वळले पाहिजे. पुण्यातील या दफ्तरात दोनशेच्या वर कारकून काम करीत. फडणिसाच्या देखरेखीखालील चालते दफ्तर रोजचे काम पाही. एकबेरीज दफ्तरात सर्व खात्यांचे हिशेब गोळा होऊन त्यांचा गोषवारा निघे. कच्च्या टिपणावरून रोजकीर्द, रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून ताळेबंद, अशी कागदांची उतरंड होती. प्रत्येक पायरीवर आधीच्या कागदाशी रुजुवात घालावी लागे. वर्षाखेर जी रक्कम वसूल झाली नाही ती 'बाकी' म्हणून पुढच्या सालात ओढली जाई. 'बाकी' हा शब्द आज पैशांपुरता उरला आहे. त्यामागची दृष्टी मात्र कामालाही लागू होती. जे राहिले ते लिहून पुढे न्यावयाचे, राहिले म्हणून पुसून टाकावयाचे नाही. नाना फडणिसाच्या अमदानीत ही शिस्त कसोशीने पाळली गेली, याविषयी त्याच्या टीकाकारांचेही दुमत नाही. त्याच्या राजकारणाबद्दल कोणी काहीही म्हणो, कागदाच्या बाबतीत तो जातिवंत कारकून होता, आणि हे विशेषण येथे गौरवानेच योजिले आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हीच शिस्त मोडली. दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कागद ज्याला हवे तसे बाहेर जाऊ लागले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने ते दफ्तर ताब्यात घेतले व मॅक्लाउड या अधिकाऱ्याकडे त्याची व्यवस्था सोपविली. पुढे इनामांच्या चौकशीत या कागदांना अनपेक्षित महत्त्व आले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि पेशव्यांच्या दफ्तरात नोंद सापडते की नाही यावर दख्खनमधील अनेक घराण्यांची इनामे राहिली किंवा गेली. जो कागद कुणा कारकुनाने आपल्या धन्याला चार कामांची आठवण राहावी म्हणून लिहिला, तो अर्ध्या-पाऊण शतकानंतर त्याच्या नातवाच्या जमिनीचा साक्षीदार झाला, किंवा झाला नाही. कामाची याद लिहिणाऱ्याला तिचे दुसरे आयुष्य कधीच ठाऊक नसते. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात असलेले तीस हजारांहून अधिक रुमाल हे बव्हंशी अशा दुसऱ्या आयुष्याचेच आहेत.

ही केवळ मराठी दफ्तराची बुद्धी होती असे मानण्याचे कारण नाही. व्हेनिसमध्ये १४९४ मध्ये छापल्या गेलेल्या 'सुम्मा' या गणितग्रंथात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने व्यापाऱ्यांच्या हिशेबाची जी पद्धत वर्णिली, तीतही तीन वह्या आहेत : टिपणवही, कीर्द आणि खतावणी. द्विनोंदी पद्धतीचा पहिला छापील विवेचक म्हणून पाचोलीचे नाव वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. त्याच्या विवेचनाच्या शेवटाकडील एक बारीक सूचना मात्र फारशी कोणी वाचीत नाही. या तीन वह्यांशिवाय आठवणींची एक वेगळी वही ठेवावी, विसरण्याची भीती असलेली कामे तीत लिहावीत, रोज, निदान रात्री निजण्यापूर्वी, ती नजरेखालून घालावी आणि झालेल्या कामांवर लेखणीने रेघ मारावी, असे तो सांगतो. शेजाऱ्याला एक-दोन दिवसांसाठी दिलेली भांडीकुंडीही त्याच वहीत टिपावयाची. मोठ्या व्यापाराच्या शास्त्रात शेजाऱ्याकडे गेलेल्या पातेल्याला जागा देणाऱ्या या साधूला संसाराची चांगली जाण होती. येथे महत्त्वाचे ते रेघ मारणे. पान फाडून टाकण्यास तो सांगत नाही.

महाराष्ट्रात दफ्तरी याद राज्याबरोबर संपली तरी घरगुती याद टिकली. लग्न ठरले म्हणजे दोन्ही पक्षांकडील वडीलधारी मंडळी बसून 'याद्या' करतात. कोणी काय द्यावयाचे, मानपान कोणाचे, खर्च कोणाकडे, हे कलमवार लिहून दोन प्रती होतात, त्यांवर सह्या होतात आणि कुंकू लावले जाते. याद्या झाल्या त्याच बैठकीत लग्न उरकले तर त्याला 'यादी पे शादी' म्हणतात. हुजुरात पेश होणाऱ्या यादेचे हे गृहस्थी रूप पाहून कौतुक वाटते. पण त्या कागदाने किती मुलींच्या बापांना कर्जात लोटले हेही विसरता येत नाही. देण्याघेण्याच्या कलमांना १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने जेव्हा आक्षेप घेतला, तेव्हा तोच कुंकवाचा कागद देणाऱ्याला व घेणाऱ्याला अडचणीचा वाटू लागला. याशिवाय वाण्याची यादी आहेच. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'च्या चौकटींत दुधाचा खाडा, गॅसची टाकी, मुलांची फी, आजोबांच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख, हे सारे लिहिणारी घरे आजही आहेत. वर्ष संपले की ते पंचांग रद्दीत जाते, आणि एका कुटुंबाच्या एका वर्षाचा खराखुरा इतिहास त्याबरोबर जातो.

आता ॲपकडे. त्यात कामांची यादी असते, प्रत्येक कामापुढे चौकोन असतो, वेळ झाली की घंटा वाजते. बोटाने खूण केली की काम बहुधा दृष्टीआड होते. काही ॲपे पुरी झालेली कामे एका बाजूच्या कप्प्यात ठेवतात. तो कप्पा उघडणारे थोडे. ज्या कामाची तारीख टळली त्याला नवी तारीख दिली की जुनी तारीख राहत नाही, आणि हे काम सहा वेळा पुढे ढकलले गेले ही गोष्ट पडद्यावर उरत नाही. म्हणजे या यादीचे रूप यादेचे असले तरी वर्तन खूणगाठीचे आहे. ती वाजते, आठवण देते, सुटते आणि पदर पूर्ववत होतो. रोजच्या कामात हा दोष नव्हे. सायंकाळी दूध आणावयाचे स्मरण झाले, दूध आले, एवढ्यावर त्या नोंदीचे प्रयोजन संपते, आणि जगातील प्रत्येक नोंद दफ्तरात बांधून ठेवण्याचा हट्ट हा वेडेपणाच ठरेल.

प्रश्न उद्भवतो तो अशा वेळी, जेव्हा खूणगाठ हीच याद समजली जाते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेले 'वंडरलिस्ट' नावाचे, बर्लिनमध्ये निर्माण झालेले व पुष्कळ लोकप्रिय असलेले यादीचे ॲप ६ मे २०२० रोजी बंद करण्यात आले. ज्यांनी आपल्या याद्या वेळेत दुसरीकडे हलविल्या त्यांच्या वाचल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारात कागद गहाळ होत, पण सगळे कागद एका ठरलेल्या दिवशी गहाळ होत नसत. भारताच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकावर निर्माण झालेल्या सामग्रीलाही अभिलेख मानले आहे, ही दूरदृष्टी स्तुत्यच. तो कायदा सरकारी कागदांपुरता आहे. खाजगी माणसाच्या कामांच्या याद्या त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि मराठ्यांच्या इतिहासातील कितीतरी साधने तर खाजगी घराण्यांच्या माळ्यावरून मिळाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड, १८९८ पासून, अशाच गावोगावच्या दफ्तरांतून उभे करता आले. मेणवलीच्या वाड्यात नानाचे दफ्तर राहिले, कारण ते कोणी मुद्दाम जपले त्यापेक्षा, ते नाहीसे करण्यासाठी कोणालातरी उठून काहीतरी करावे लागले असते म्हणून. कागदाचा आळशीपणा इतिहासाच्या पथ्यावर पडतो. ॲपच्या बाबतीत नेमके उलट आहे. तेथे राखण्यासाठी उठावे लागते.

कागदी वहीकडे वळणाऱ्यांपैकी सर्वांना हे कळते असे नाही, परंतु काहींच्या हातांना ते कळले आहे असे दिसते. रायडर कॅरोल या अमेरिकन गृहस्थाने २०१३ मध्ये 'बुलेट जर्नल' या नावाने वही ठेवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये तीवर पुस्तक लिहिले. त्याचा स्वतःचा व्यवसाय डिजिटल वस्तूंची रचना करण्याचा, हा त्यातील गमतीचा भाग. त्या पद्धतीत महिन्याच्या अखेरीस न झालेली कामे हाताने नव्या पानावर उतरवावी लागतात आणि जुन्या पानावर त्या कामापुढे, ते पुढे नेल्याची खूण करावी लागते. पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला तर ते काम मुळात करण्याजोगे होते काय, हा विचार आपोआप होतो. हुजूर दफ्तरातील कारकुनाला यात नवल वाटले नसते. बाकी ओढणे म्हणजे हेच, फक्त त्याच्या बाकीला धनी दुसरा होता.

कागदाच्या बाजूने एवढे म्हटल्यावर त्याच्या मर्यादांबद्दल मौन पाळणे योग्य नव्हे. वाळवी, कसर, पावसाळा आणि पुड्या बांधणारा वाणी यांनी मराठी कागदाचा केवढा संहार केला याची गणती नाही. त्याहून मोठी उणीव अशी की, याद लिहिणारा हात समाजातील मूठभरांचा होता. ज्या कुणबिणीच्या कामाचा हिशेब धन्याच्या कागदात सापडतो, तिच्या मनातील उद्याची कामे कोणत्याच रुमालात नाहीत. तिच्यापाशी पदर होता आणि गाठ होती. ॲपने ज्यांच्या हाती यादी दिली त्यांत तिच्या वंशातील माणसे पहिल्यांदाच आहेत. नाक्यावर उभा राहणारा मजूर किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई आज फोनवर बोलून कामांच्या वेळा नोंदवून ठेवू शकते, लिहिता येत नसले तरी. उद्याच्या इतिहासकाराला ज्यांची याद सर्वांत हवी असेल त्यांच्याच याद्या सर्वांत नाशिवंत साधनात आहेत.

ज्या विद्यार्थ्यांना मोडी कागद हाताळावयाचे आहेत त्यांनी यादेतील कोऱ्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे. कलमाखाली काहीही लिहिलेले नाही, याचा एकच अर्थ होत नाही. कधी निर्णय तोंडी झाला व दुसऱ्या कागदावर गेला, आणि तो त्याच दिवसाच्या रोजकीर्दीत सापडण्याचा संभव असतो. कधी हाती असलेला कागद निर्णय होण्यापूर्वी काढलेली प्रत असतो, आणि मूळ याद संबंधित घराण्याकडे गेलेली असते. कधी कलम वाचले गेले, पण उत्तर न देणे हेच उत्तर होते; अशा वेळी तेच कलम, तेच शब्द, पुढच्या सालच्या यादेत पुन्हा येते. त्यासाठी एकाच सरदाराच्या लागोपाठच्या सालांच्या यादी एकाशेजारी एक मांडून पाहाव्या लागतात. रुमाल सालवार किंवा विषयवार बांधलेले असल्यामुळे हे काम संथ होते, एका बैठकीत एखाद-दुसरे कलमच जुळते. जुळते तेव्हा मात्र दोन कागदांतील अक्षर सारखे आहे की नाही ते आधी पाहावे, आणि मग सन.